पट्टी लाटेची, मोजणी दाण्यांची

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एक आरोग्य शिबिर झालं. सुई नाही, रक्त नाही, उपाशीपोटी यायची अट नाही. हातात धातूची एक दांडी धरायची, मिनिटभर गप्प बसायचं, की यकृतापासून केसांच्या मुळांपर्यंत सगळ्याचे आकडे छापून हातात. यंत्राच्या नावाची सुरुवातच ‘क्वांटम’ने. शेजारच्या काकू कागद घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "तुमचं आयुष्य मोजमापात गेलं, जरा बघा बरं हे." बघितलं. प्रत्येक आकडा दशांश चिन्हापुढे तीन घरांपर्यंत दिलेला, आणि एकाही आकड्यापुढे अधिक-उणे नाही.

माझी नोकरी स्टँडर्ड रूममधली, म्हणजे कारखान्यातली मोजायची साधनं जिथे तपासतात त्या खोलीतली. तिथे अधिक-उणे न लिहिता नुसता आकडा आणणाऱ्या पोराला आम्ही दारातूनच परत पाठवायचो. मला चीड आली ती फसवणुकीची होतीच, पण आणखी एका गोष्टीची होती. वस्तूला बोटही न लावता, पुंज भौतिकीच्या, म्हणजे खऱ्या ‘क्वांटम’च्या, आधाराने मोजमाप करता येतं, ही थाप नव्हे. चाकण-भोसरीच्या पट्ट्यात ते रोजचं काम आहे. फक्त तिथे कोणी त्याचा फलक लावत नाही.

आधी वस्तूला शिवून, म्हणजे स्पर्श करून, मोजण्यातली अडचण बघू. जबड्यांत धरून जाडी मोजणाऱ्या मायक्रोमीटरला मागे रॅचेट, म्हणजे ठराविक जोरानंतर घसरणारा खटका, का असतो? जोर लावून पिळला तर माप कमी येतं, म्हणून. तांब्याचा पातळ पत्रा तर नुसत्या जबड्यांनीच दबतो. हाताची ऊब आणखी वाईट. 100 मिमीचे दोन स्लिप गेज, म्हणजे नेमक्या मापाचे पोलादी ठोकळे, शेजारी-शेजारी उभे करा आणि त्यातला एक आधी मुठीत धरून ठेवा. पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं, म्हणजे हा ठोकळा एका अंशाला एक मायक्रॉनहून जास्त वाढतो. स्टँडर्ड रूम 20 अंशांवर ठेवतात आणि तिथली माणसं हातमोजे घालतात ते काही थाटासाठी नाही.

ही वाढ दिसते कशी, हे मला पहिल्यांदा माझ्या वरिष्ठांनी दाखवलं होतं. दोन्ही ठोकळ्यांवर त्यांनी ऑप्टिकल फ्लॅट ठेवला. ही साधारण बशीएवढी, अत्यंत सपाट घासलेली काचेची चकती. वर सोडियमचा दिवा. पिवळ्या उजेडात पोलादावर काळे-पिवळे पट्टे उमटले, कोऱ्या वहीच्या रेघांसारखे. काच पोलादावर टेकते हे खरं, पण माप काच घेत नाही. काच आणि पोलाद यांच्यात हवेची एक पाचर राहते, तिची जाडी मोजायची असते. दिव्याचा काही प्रकाश काचेच्या खालच्या पृष्ठावरून परत फिरतो, काही त्या हवेतून खाली जाऊन पोलादावरून फिरतो. दोन्ही लाटा पुन्हा भेटतात. माथ्यावर माथा आला की उजेड, माथ्यावर दरी आली की काळोख. शाळेत आपण याला व्यतिकरण म्हणतो आणि परीक्षेनंतर विसरतो.

प्रकाश हवेतून खाली जातो आणि वर येतो, दोनदा. म्हणून एका काळ्या पट्ट्यावरून शेजारच्या काळ्या पट्ट्यावर गेलो की हवेची जाडी अर्ध्या तरंगलांबीने बदललेली असते. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी 589 नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग), म्हणजे एक पट्टा म्हणजे साधारण 295 नॅनोमीटर. माणसाचा केस 70 मायक्रॉनचा धरला तर त्याच्या जाडीत असे दोनशेहून जास्त पट्टे बसतात. पट्टे सरळ असतील तर पृष्ठभाग सपाट. काच जिथे टेकली आहे त्या बाजूला कवटाळून ते वळले असतील तर मधे फुगवटा, उलटे वळले तर खोलगा. ऊब दिलेला ठोकळा हळूहळू गार होत होता आणि आमच्या डोळ्यांदेखत पट्टे एकामागून एक सरकत होते. वरिष्ठ काही बोलले नाहीत. चहा घ्यायला निघून गेले.

या लाटेच्या पट्टीची ताकद अमेरिकेतला भौतिकशास्त्रज्ञ मायकेल्सन याने ओळखली. 1892-93 मध्ये पॅरिसजवळच्या सेव्हरला त्याने कॅडमियमच्या लाल प्रकाशाच्या लाटांनी थेट मीटर मोजला. एका मीटरमध्ये 15,53,163.5 लाटा. म्हणजे तिजोरीत ठेवलेल्या धातूच्या दांडीऐवजी अणूतून निघणारा प्रकाशच गज होऊ शकतो. 1960 मध्ये तसं झालंही. क्रिप्टॉनच्या 16,50,763.73 तरंगलांब्या म्हणजे एक मीटर. 1983 पासून व्याख्या प्रकाशाच्या वेगावर टेकली, पण कारखान्यातला लेसर इंटरफेरोमीटर, म्हणजे लेसरच्या दोन लाटा भेटवून मोजणारं यंत्र, आजही पट्टेच मोजतो. त्यात बहुधा हेलियम-निऑनचा लाल लेसर असतो, तरंगलांबी 633 नॅनोमीटरच्या आसपास. सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या, मशीनच्या बेडवर एक परावर्तक बसवतात. बेड एक मीटर सरकला की शोधकासमोरून, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या उपकरणासमोरून, सुमारे 31 लाख 60 हजार पट्टे जातात आणि इलेक्ट्रॉनिक्स ते न चुकता मोजतं. बाहेर जेवणाची सुट्टी होऊन माणसं हसत-खिदळत जात असतात.

आता माझ्या आवडीचा भाग. दोन पट्ट्यांच्या मधलं अंतर कसं वाचायचं?

काळ्यापासून उजळापर्यंत जाताना मधे एक उतार असतो. त्या उतारावर प्रकाश किती आहे ते मोजलं की आपण पट्ट्याच्या कितव्या हिश्शात आहोत ते कळतं. डोळ्याने दहावा भाग सहज वाचता येतो, इलेक्ट्रॉनिक्सने हजारावा. मग लाखावा का नाही? अब्जावा का नाही? लाट ही अखंड गोष्ट आहे, तिला हवं तितकं बारीक चिरता यायला हवं. पण अडवणारी गोष्ट लाटेत नाही, दाण्यात आहे.

शोधकावर प्रकाश फोटॉनच्या रूपात, एकेक दाणा करून पडतो. आणि हे दाणे शिस्तीने येत नाहीत. वळवाचे पहिले टपोरे थेंब पत्र्यावर पडतात तेव्हा ऐका. पाऊस तसाच चालू असला तरी एका मिनिटात शंभर थेंब, पुढच्यात त्र्याण्णव, पुढच्यात एकशे आठ. सरासरी शंभर असेल तर चढउतार साधारण दहाचा, म्हणजे शंभराच्या वर्गमुळाइतका. दहा हजार थेंब असतील तर चढउतार शंभरचा. आकडा वाढला, पण प्रमाण 10 टक्क्यांवरून 1 टक्क्यावर आलं. दहा लाख थेंबांना ते 0.1 टक्का. फोटॉनचंही अगदी हेच. अचूकता दुप्पट हवी तर प्रकाश चौपट हवा, दहापट हवी तर शंभरपट. हा हिशोब पुंज भौतिकी कोणालाही माफ करत नाही.

एक मिलिवॅटचा लाल लेसर सेकंदाला सुमारे 32 कोटी कोटी फोटॉन सोडतो. वर्गमूळ साडेपाच कोटींच्या वर. त्या हिशोबाने, कागदावर, एका सेकंदात प्रोटॉनच्या आकाराएवढा सरक वाचता यायला हवा. प्रत्यक्षात शॉप फ्लोअरवर त्याच्या जवळपासही कोणी जात नाही. हवा एक अंशाने तापली तरी तिचा अपवर्तनांक (प्रकाश तिच्यात किती हळू चालतो ते सांगणारा आकडा) बदलून मीटरमागे जवळजवळ एक मायक्रॉनची चूक शिरते. शेजारून फोर्कलिफ्ट गेली की संपलंच.

इथे एक गैरसमज बाजूला करायला हवा. प्रकाश कधी लाट असतो आणि कधी कण, मूड बदलावा तसा, असं सांगितलं जातं. वर अर्धनारीनटेश्वराची उपमा. मला ती पटत नाही. रूप पालटावं असं काही घडत नाही. एकाच शोधकावर, एकाच वेळी, दाणा कुठे पडण्याची शक्यता किती हे लाट ठरवते आणि पडतो तो पूर्ण एक दाणाच. 1909 मध्ये केंब्रिजला जी. आय. टेलर नावाच्या तरुणाने गॅसच्या ज्योतीचा उजेड काजळलेल्या काचांमधून इतका मंद केला, की पेटीत एका वेळी जेमतेम एकच फोटॉन असावा. त्यापुढे एक सुई आणि मागे फोटोची काच. सर्वांत लांबलेलं चित्र सुमारे तीन महिने चाललं. काच धुतल्यावर सुईच्या सावलीभोवतीचे पट्टे तितकेच ठसठशीत. दाणे एकेकटे आले, पट्टे तरीही उमटले. आणि हे सारं कोणी ‘पाहण्याने’ बदललं नाही. पेटी बंद होती. मनाच्या इच्छेने वास्तव घडवण्याची पुस्तकं विकणाऱ्यांना ही बंद पेटी दाखवायला हवी.

इथून पुढचं थोडं जड आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडियाची, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारी, वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्राने 2023 च्या एप्रिलमध्ये 2,600 कोटींना मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, टोकांना आरसे, दोन्हींकडून परतलेला लेसर एकत्र. म्हणजे आमच्या ऑप्टिकल फ्लॅटचा महाकाय वंशज. 14 सप्टेंबर 2015 ला अमेरिकेतल्या दोन लायगोंनी जी पहिली गुरुत्वीय लहर टिपली, तिने चार किलोमीटरची लांबी एका प्रोटॉनच्या व्यासाच्या काहीशेव्या भागाइतकीच बदलली होती. हे वाचायचं तर फोटॉन प्रचंड हवेत, म्हणून भुजांमध्ये प्रकाश पुन्हा पुन्हा फिरवून दोन लाख वॅटच्या वर नेतात.

आणि इथे ‘न शिवता’ या शब्दाची पंचाईत होते. फोटॉन आरशावरून परतताना त्याला ढकलतो. दोन लाख वॅटचा धक्का म्हणजे पाच-सहा तांदळाच्या दाण्यांचं वजन, आणि आरसा 40 किलोचा. पण धक्का स्थिर नाही, दाण्यांच्या पावसासारखा कमी-जास्त. प्रकाश वाढवला तर वाचन सुधारतं आणि आरसा जास्त थरथरतो. कमी केला तर आरसा शांत, पण वाचन धूसर. लाट मोजते, दाणा डिवचतो.

1981 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ कार्ल्टन केव्हज यांनी दाखवलं की या गोंधळाचं मूळ लेसरात नसून इंटरफेरोमीटरच्या अंधाऱ्या तोंडातून आत शिरणाऱ्या रिकामपणाच्या चढउतारांत आहे, म्हणजे प्रकाश नसतानाही पुंज भौतिकीनुसार उरणाऱ्या बारीक थरथरीत. प्रकाशाची कला (लाट कुठल्या टप्प्यात आहे ते) आणि प्रकाशाचं मान (लाट किती उंच आहे ते), या दोन्हींतल्या अनिश्चिततांचा गुणाकार एका मर्यादेखाली जात नाही. पण एक आवळून दुसरी फुगू द्यायला बंदी नाही, अर्धा फुगा मुठीत दाबल्यासारखं. म्हणून त्या अंधाऱ्या तोंडातून मुद्दाम ‘आवळलेला’ प्रकाश सोडायचा, हव्या त्या बाजूने आवळलेला. 2019 पासून लायगो हे नेमाने करतं. कोणत्या फ्रिक्वेन्सीला कोणती बाजू आवळायची यावर वेगळं प्रकरण होईल, ते पुन्हा कधीतरी.

इलेक्ट्रॉनसारख्या दाण्यालाही लाट असते, हे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ दे ब्रॉयने 1924 मध्ये मांडलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक त्याच पायावर उभा आहे. वेल्डच्या आत अडकलेला ताण पोलाद न कापता न्यूट्रॉनच्या लाटांनी मोजतात, कारण क्ष-किरण पोलादात फार खोल जात नाहीत. जादा लिहीत नाही, ते माझं काम नव्हे.

तर काकूंचा कागद. मी त्यांना एवढंच सांगितलं, की पुन्हा जाऊन तीच दांडी धरा आणि दुसरा कागद घ्या. अर्ध्या तासात आल्या. यकृताचा आकडा पहिल्यापेक्षा बदललेला, पण तीन दशांश घरं जशीच्या तशी. माझ्याकडे प्रयोगशाळेतल्या दोन काचपट्ट्या होत्या. नीट पुसून एकमेकींवर ठेवल्या आणि जुन्या ट्यूबलाइटखाली धरल्या. हिरवट-गुलाबी वेडेवाकडे पट्टे उमटले. काकूंनी वर हलकेच बोट ठेवलं. पट्टे पळाले. बोट उचललं, तसे परत येऊ लागले. त्यांनी चष्मा लावला, कागद बाजूला सारला आणि पुन्हा दाबून पाहिलं.