सड्याखालचं पाणी : गोव्यातल्या लहान वझरांची पार्श्वभूमी

दूधसागरचं नाव निघालं की आधी त्याची ३१० मीटर उंची सांगितली जाते. पण गोव्यातल्या बहुतेकांनी लहानपणी डोक्यावर घेतलेलं पहिलं पाणी इतक्या उंचावरून आलेलं नसतं. ते हरवळ्याचं असतं, केसरव्हाळचं असतं, नाहीतर गावामागच्या उतारावर मिरगापासून दसऱ्यापर्यंतच जिवंत राहणाऱ्या एखाद्या बिननावाच्या वझराचं. धबधबा हा शब्द आवाजावरून आला आहे, तर वझर किंवा ओझर झरण्यावरून. आमच्या या पाण्याला वझर हाच शब्द शोभतो.

सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण हे घाटाकडचे तालुके सोडले तर गोव्यात मोठे कडे नाहीत. किनारपट्टीला आहेत ते सडे, म्हणजे जांभ्या दगडाची सपाट पठारं. घाटाची उंची नसताना पाणी पडतं कसं, याचं उत्तर या सड्यातच आहे. जांभा वरून कठीण, पण आतून मोहोळासारखा पोकळ. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्यातला बराच जांभा पिऊन घेतो. खाली पांढरट-जांभळट चिकणमातीचा थर लागला की पाण्याला आणखी खाली जाता येत नाही. ते आडवं सरकतं आणि सड्याच्या कडेला, उतारावर बाहेर येतं. तिथं पोफळीची पन्हळ लावली की तिच्या टोकाशी मनगटाएवढी धार पडते. पाऊस थांबला तरी ती कितीतरी दिवस आटत नाही. कुळागरं, म्हणजे पोफळी-माडांच्या बागा, अशा पाण्याच्या आधारानं उभी राहिली. झर आधी, बाग नंतर.

वेर्णे पठाराच्या कडेचा केसरव्हाळ याच जातीचा. त्याच्या पाण्यानं कातडीचे विकार बरे होतात या विश्वासानं माणसं तिथं आंघोळीला येत आली आहेत. पणजीत आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशीही असेच झरे होते. फोंतेन्हास हे नावच पोर्तुगीजमध्ये लहान झऱ्यांचं आहे. आज तिथल्या रंगीत घरांचे फोटो काढणाऱ्यांपैकी किती जणांना ते ठाऊक असेल?

साखळीजवळचं हरवळं मात्र वेगळं. तिथं पाणी खरोखरच जोरानं कोसळतं आणि काठावर रुद्रेश्वराचं देऊळ आहे. जवळच जांभ्यात कोरलेली लेणी आहेत, साधारण सहाव्या-सातव्या शतकातली. लोक त्यांना पांडवांची म्हणतात, आणि ती बौद्धांची की शैवांची यावर अभ्यासकांत वाद आहे. मला त्या वादापेक्षा जागेची निवड महत्त्वाची वाटते. ज्यांनी ती कोरली त्यांना कोरण्याजोगा दगड आणि पाणी एकाच ठिकाणी मिळालं. आषाढात देवळाकडून खाली उतरताना पायऱ्या ओल्या असतात आणि धार दिसण्याआधीच तुषार चेहऱ्यावर येतात.

गेल्या काही दशकांत या पाण्याचं गणित बिघडलं. डिचोली-सत्तरीच्या पट्ट्यात लोहखनिजासाठी भूजलाच्या पातळीखालपर्यंत खणलं गेलं. खाणीत साचलेलं पाणी पंपानं बाहेर काढत राहिल्यामुळे आसपासच्या विहिरी आणि झरे कोरडे पडले. २०१२ साली खाणी काही काळ थांबल्या, पण तोवर खड्डे पडून गेले होते. किनाऱ्याकडे सड्यांवर औद्योगिक वसाहती, रस्ते, घरं उभी राहिली. वेर्णे पठारावर तेच झालं. सडा 'पडीक' समजला जातो, हीच खरी चूक. श्रावणात त्यावर सीतेची आसवं निळीजांभळी फुलतात तेव्हा तो पडीक दिसत नाही, आणि वैशाखात खालच्या विहिरीला पाणी असतं तेही त्याच्याच जोरावर.

सत्तरी आणि सांग्याकडचे पुष्कळ धबधबे म्हादई आणि नेत्रावळी या १९९९ सालच्या अभयारण्यांत आहेत. त्यांना निदान कायद्याचं कुंपण आहे. जुलै २०२३ मध्ये बुडून मृत्यू झाल्यानंतर तिथल्या धबधब्यांवर जायला बंदीही घातली गेली. सड्याच्या कडेच्या वझरांना असं कुंपण नाही. त्यांची राखण होते ती पन्हळीतला पालापाचोळा काढणाऱ्या, कळशी लावून धारेपाशी उभ्या राहणाऱ्या शेजाऱ्यांकडून.