जुन्या मोटरसायकलचं ऑइल अचानक का गळू लागतं?

हीरो होंडा स्प्लेंडरच्या इंजिनात जेमतेम एक लिटर ऑइल असतं. १९८५ची सीडी १००, १९९४ची स्प्लेंडर, दोघींचं ९७.२ सीसीचं इंजिन एकाच घराण्यातलं, आणि त्या जुन्या गाड्या अजूनही दुधाच्या किटल्या, भाजीची पोती वाहत रोज पळताहेत. कारमध्ये ऑइलचा दाब कमी झाला की लाल दिवा लागतो, तसा दिवा या गाड्यांना नाही. तीनशे मिली ऑइल गळून गेलं तर जवळजवळ तिसरा हिस्सा गेला, आणि तरीही गाडी पूर्वीसारखीच चालत राहते, थेट इंजिन जाम होईपर्यंत. त्याआधी मिळणारी सूचना एकच: सकाळी फरशीवर दिसणारा काळा डाग. म्हणून तो डाग मनावर घ्यायलाच हवा.

डाग दाखवला की गॅरेजमध्ये बहुतेकदा उत्तर येतं, “ऑइल सील गेलंय, बदलून टाकू.” (सील म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीचं, ऑइल अडवणारं रबरी कडं.) ते पुष्कळदा बरोबरही असतं. पण कितीतरी गाड्यांमध्ये नवं सील बसतं आणि महिन्याभरात ऑइल दुसरीकडून येऊ लागतं. ऑइल कुठून येतंय हे शोधलं जातं, ते आत्ताच का येऊ लागलं हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते निदानात हाच प्रश्न मोठा आहे, आणि त्याचं उत्तर शोधायला इंजिन उघडावं लागत नाही.

आधी एवढी खात्री करायची की गळतंय ते इंजिन ऑइलच आहे. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरावा आणि पुढच्या-मागच्या चाकांची जागा त्यावर आखून ठेवावी. इंजिन ऑइल काळपट असतं, बोटांत चोळलं तर बुळबुळीत लागतं. पेट्रोल सकाळपर्यंत उडून जातं, वास आणि फिकट कडा मागे राहते. ब्रेकचं ऑइल पाण्यात विरघळतं आणि रंग खातं. पुढच्या शॉकअॅब्सॉर्बरचं सील गेलं असेल तर नळीवर ओला ओघळ दिसतो आणि डाग पुढच्या चाकाजवळ पडतो. सगळ्यात जास्त फसवते ती चेन. चेनला लावलेलं वंगण स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या, कव्हरमध्ये उडून साचतं, धुळीत कालवून काळं होतं आणि खाली ठिबकतं; आणि नेमकं त्याच जागी गिअर शाफ्टचं सीलही असतं.

इंजिन ऑइलच आहे हे ठरलं, तरी थेंब जिथे पडतो ती गळतीची जागा असेलच असं नाही. स्प्लेंडरचं इंजिन जवळजवळ आडवं, हेड (सिलिंडरचं बंद टोक) पुढच्या चाकाकडे. चालत्या गाडीत वारा ऑइलला मागे ढकलतो, पृष्ठताणामुळे ते धातूला चिकटून सरकत राहतं, फिन्सच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पात्यांच्या) खाचांमधून वाट काढतं, आणि सगळ्यात खालचा बिंदू आला की थेंब होऊन सुटतं. तो बिंदू अनेकदा ड्रेन बोल्टच, म्हणजे ऑइल काढायचा तळाचा बोल्टच, असतो. वरून आलेल्या ऑइलसाठी बिचारा बोल्ट आवळला जातो, जास्तच आवळला की अॅल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे जातात, आणि मग खरोखरच तिथून गळायला लागतं.

जागा शोधायची रीत जुनी आणि स्वस्त आहे. इंजिन थंड असताना ब्रशने डिझेल लावून सगळा चिखल-मळ काढायचा (रॉकेल आता सहज मिळत नाही, डिझेलने काम होतं), साबणाच्या पाण्याने धुवायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. मग सांध्यांवर अंगाला लावायची पावडर हलक्या हाताने भुरभुरायची, एअर फिल्टरपासून दूर. मधल्या स्टँडवर इंजिन पाच-सात मिनिटं चालवायचं आणि टॉर्च घेऊन बघायचं. काही दिसलं नाही तर दोन-तीन किलोमीटरची फेरी मारून पुन्हा बघायचं. पांढऱ्या पावडरीवर ऑइलची पहिली रेघ स्पष्ट उमटते. ओल्या भागातलं सगळ्यात वरचं आणि सगळ्यात पुढचं टोक शोधायचं. उगम तिथेच.

गळती केव्हा होते यावरूनही पुष्कळ कळतं. उभ्या गाडीत ऑइल तळाशी साचलेलं असतं, वरचे सांधे कोरडे. इंजिन बंद करून चार तास झाले तरी थेंब पडतच असेल तर वाट ऑइलच्या पातळीखाली आहे: ड्रेन बोल्टचा वायसर, क्लच कव्हरच्या पॅकिंगची खालची बाजू, गिअर बदलायच्या शाफ्टचं सील. थोडा वेळ गळून थांबत असेल तर ते वरून, हेडकडून ओघळलेलं असण्याची शक्यता जास्त. साइड स्टँडवर गळतं आणि मधल्या स्टँडवर नाही, असं असेल तर आणखी सोपं. गाडी डावीकडे कलली की ऑइल डावीकडे जातं आणि त्या बाजूची एरवी कोरडी राहणारी सील बुडतात. आणि उभ्या गाडीत एक थेंबही नाही, पण पळवून आणली की इंजिन ओलं, असं असेल तर संशय फिरत्या शाफ्टच्या सीलवर किंवा आतल्या दाबावर घ्यायचा.

हा आतला दाब नीट समजून घेण्यासारखा आहे. पिस्टनच्या वर स्फोट होतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण पिस्टनच्या खालीही हवा असते. पिस्टन खाली आला की क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीतली, हवा दाबली जाते, वर गेला की ती विरळ होते. सायकलच्या पंपासारखंच. ९७ सीसीच्या सिंगल सिलिंडर इंजिनात मिनिटाला ६००० फेरे होत असतील तर सेकंदाला शंभर वेळा ९७ घन सेंटीमीटर जागा कमी-जास्त होते. शिवाय पिस्टन रिंगच्या फटींतून जळालेला वायू थोडा थोडा खाली झिरपतच असतो. नव्या इंजिनात कमी, झिजलेल्या इंजिनात बराच. हे सगळं बाहेर पडावं म्हणून क्रँककेसला एक श्वासनळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. तिची रबरी नळी टाकीखालून जाताना कुठे तरी मुडपते, उष्णतेने चपटी होते, चिखलाने किंवा ऑइल-पाण्याच्या पांढऱ्या चिकट साक्याने बुजते. थंडीत रोज दोन-दोन किलोमीटरच गाडी चालवली तर हा साका जास्त होतो, कारण इंजिन पुरतं तापत नाही आणि आत साचलेलं पाणी उडून जात नाही.

ब्रीदर बुजला की वायू दुसरी वाट शोधतो. ज्या सीलची ओठासारखी कड सगळ्यात कमकुवत, तिथून तो ऑइलला बरोबर घेऊन बाहेर पडतो. ते सील बदललं की दुसऱ्या क्रमांकाच्या कमकुवत जागी गळती सुरू होते. म्हणूनच एका ऐवजी दोन-तीन ठिकाणी एकदम ओल दिसली तर मी आधी ब्रीदरची नळी काढून बघायला सांगेन. नळी साफ असूनही तिच्यातून भकाभका धूर येत असेल, तर झीज रिंग-पिस्टनची आहे. तिथे सील बदलून उपयोग नाही, हाफ इंजिनचं, म्हणजे इंजिन उघडून रिंग-पिस्टनचं, काम निघालेलं आहे.

आता खुद्द सीलकडे. फिरत्या शाफ्टचं सील म्हणजे नायट्राइल रबराची बारीक कड, मागून स्प्रिंगच्या कड्याने शाफ्टवर दाबलेली. ती शाफ्टला घट्ट घासते असं वाटतं, पण दोघांच्या मध्ये साधारण एका मायक्रॉनच्या आसपास जाडीचा ऑइलचा थर असतो. कडेच्या दोन्ही बाजूंचे उतार मुद्दाम असमान ठेवलेले असतात. त्यामुळे शाफ्ट फिरताना कड त्या थराला सतत आतल्या बाजूला ओढत राहते. धडधाकट सील ऑइल अडवतं आणि परतही पाठवतं. तेच उलट बसवलं तर ते ऑइल बाहेर ओढू लागतं, नवं कोरं असलं तरी.

नायट्राइल रबर साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंत वर्षानुवर्षं टिकतं. त्याहून तापलं तर हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्याच्या लांब रेणूंमध्ये नवे आडवे बंध तयार होतात आणि त्याला मऊ ठेवणारी द्रव्यं ऑइलमध्ये उतरतात. रबर कडक होतं, दाबलेल्या आकारातच राहतं, शाफ्टच्या बारीक हेलकाव्यांमागे धावू शकत नाही. शाफ्टवरही त्याच जागी वर्षांनुवर्षं घासून गोल खाच पडते. जुन्या खाचेवर नवं सील बसवलं तर तेही लवकरच गळतं. ते एखाद मिलिमीटर आत-बाहेर बसवलं तर त्याला शाफ्टचा अखंड भाग मिळतो. अनुभवी फिटर हे करतात, आणि त्यांच्या हातच्या कामाची किंमत इथेच कळते.

पण ही झीज तर वर्षांची. मग गळती अचानक का? याचं एक उत्तर द्रवांच्या गणितात आहे. अरुंद फटीतून वाहणाऱ्या ऑइलचं प्रमाण फटीच्या रुंदीच्या घनाने वाढतं. फट दुप्पट झाली तर ऑइल आठपट, तिप्पट झाली तर सत्तावीसपट. शिवाय अगदी बारीक फटीच्या तोंडाशी पृष्ठताण ऑइलला धरून ठेवतो. एकदा बाहेरची बाजू ओली झाली की तो अडसर निघून जातो आणि मागचं ऑइल वाहायला लागतं. झीज हळूहळू होत असते, पण डाग एका सकाळीच दिसतो.

यात ऑइलच्या दाटपणाची भर पडते. १०डब्ल्यू-३० प्रतीचं ऑइल १०० अंशांना ४० अंशांपेक्षा सहा-सातपट पातळ असतं. मे महिन्यात घाट चढून आलेल्या गाडीत ते आणखी पातळ. थंड इंजिनात जी फट काहीच सोडत नाही, तीच तापल्यावर ठिबकते. उलट प्रकारही होतो. अॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे पोलादी बोल्टांनी आवळलेलं पॅकिंग गरम इंजिनात जास्त दाबलं जातं. वर्षानुवर्षं असं दबून ते चपटं होतं, आणि थंडपणी बोल्टांची पकड कमी पडते. अशी गाडी सकाळी गळते आणि तापली की थांबते.

अचानक गळतीचं आणखी एक कारण आहे, आणि ते घातक आहे. डिपस्टिकवर (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवर) ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसलं आणि त्याला पेट्रोलचा वास आला, तर दोष कार्ब्युरेटरमध्ये आहे. फ्लोटची नीडल (कार्ब्युरेटर भरला की पेट्रोल बंद करणारी सुई) अडकली, कचरा बसला, आणि टाकीचा कॉक चालूच राहिला, तर पेट्रोल रात्रभर सिलिंडरमधून रिंगच्या फटींवाटे खाली उतरू शकतं. ऑइल पातळ होतं, पातळी वाढते आणि कुठूनही बाहेर यायला लागतं. अशी गाडी किक मारूनसुद्धा बघू नये. पातळ ऑइल बेअरिंग वाचवू शकत नाही आणि पेट्रोलच्या वाफेला ठिणगी पुरते. कॉक बंद करायचा, नीडल साफ करायची किंवा बदलायची, सगळं ऑइल काढून नवं भरायचं.

जुन्या कास्ट आयर्न बुलेटची गोष्ट निराळी. ३४६ सीसीचा एकच मोठा सिलिंडर, म्हणून पिस्टनखालची हवाही तितकीच जास्त. ब्रीदरवर बदकाच्या चोचीसारखी रबरी झडप असते: दाब वाढला की उघडते, निर्वात झालं की मिटते. रबर कडक होऊन ती उघडीच राहिली किंवा चिकटली तर बुलेट चहूबाजूंनी ओली होते. झडप बदलायला खर्च किरकोळ येतो. दुसरी गोष्ट पंपाची. या इंजिनात ऑइलचा साठा केसिंगमधल्याच वेगळ्या कप्प्यात असतो. एक पंप ते इंजिनाला पुरवतो, दुसरा परत आणतो. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली की ऑइल पुरवठ्याच्या झिजलेल्या पंपातून हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं. डिपस्टिक कोरडी दिसते. मालक वरून अर्धा लिटर ओततो. गाडी सुरू झाली की परतीचा पंप खालचं सगळं वर आणतो, साठा भरून वाहतो, आणि ब्रीदरमधून ऑइलची धार लागते. अशा गाडीत काहीही न ओतता आधी इंजिन मिनिट-दोन मिनिटं चालवावं, मग बंद करून पातळी बघावी.

स्प्लेंडरची पातळी बघायची पद्धतही नेमकी हवी: मधलं स्टँड, सपाट जमीन, कोमट इंजिन बंद करून दोन-तीन मिनिटं थांबणं, आणि डिपस्टिक पुसून आट्यांत न फिरवता नुसती टेकवणं. फिरवून बसवली तर ती जास्त खोल जाते आणि कमी ऑइलही पुरेसं भासतं.

गळती थांबवण्याच्या बाटलीबंद औषधांबद्दल माझं मत चांगलं नाही. त्यातली द्रव्यं रबर फुगवतात आणि काही दिवस आराम पडतो, पण झिजलेली कड, खाच पडलेला शाफ्ट किंवा बुजलेला ब्रीदर यांतलं काहीच बदलत नाही. पॅकिंगऐवजी सीलंटचा जाड थर लावणं त्याहून वाईट. आतल्या बाजूला निघालेले त्याचे तुकडे ऑइलच्या जाळीत अडकतात आणि हेडमधल्या, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमपर्यंत ऑइल पोहोचत नाही. ड्रेन बोल्टचा वायसर मात्र दर वेळी नवाच घालावा. तो एकदाच चेपायचा असतो.

मागच्या टायरवर किंवा ब्रेकच्या ड्रमपर्यंत ऑइल पोहोचलं असेल तर गाडी चालवत नेऊ नये, टेम्पोत घालून न्यावी. फक्त ओल दिसत असेल आणि पातळी डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये असेल तर पातळी रोज बघत काही दिवस चालवता येते. फिटरकडे जाताना चार गोष्टी सांगाव्यात: गाडी उभी असताना गळते की चालल्यावर, कुठल्या स्टँडवर, थंड असताना की तापल्यावर, आणि गळती सुरू होण्याआधी गाडीत काय बदललं. ऑइल बदललं होतं का, कोणत्या प्रतीचं आणि किती भरलं, सर्व्हिसिंगमध्ये काय उघडलं होतं, गाडी किती दिवस उभी होती, हे फिटरला समोरून दिसत नाही. ते मालकालाच ठाऊक असतं.