तीनदा गादीवर बसलेली लीलावती आणि पोलोन्नरुवाची भाऊबंदकी

श्रीलंकेतल्या पोलोन्नरुवा राज्याचं तांब्याचं जुनं नाणं हातात घेतलं, तर मराठी माणसाला त्यावरची अक्षरं थोड्या प्रयत्नानं लागतात, कारण लिपी नागरी आहे. एका बाजूला उभी आकृती, दुसऱ्या बाजूला बसलेली, आणि शेजारी ‘श्री राज लीलावती’. राणी नव्हे, राज. ही लीलावती 1197 ते 1212 या काळात तीनदा गादीवर आली. एका बाईवर ही वेळ का आली, याचं उत्तर तिच्या आधीच्या शतकात आहे.

पहिल्या विजयबाहूनं 1070 मध्ये चोळांना हाकलून राज्य पुन्हा उभं केलं. वारशाचा रिवाज असा होता की राजामागून आधी त्याचा धाकटा भाऊ, आणि भावांची पिढी संपली की पुढच्या पिढीतला थोरला. पुढचा वारस ‘उपराज’ म्हणून आधीच नेमलेला असे. कागदावर हे चोख दिसतं. पण विजयबाहूची बहीण मित्ता पांड्य राजपुत्राला दिली होती आणि तिला तीन मुलगे होते. त्यातल्या थोरल्या मानाभरणाला मामाची मुलगी रत्नावली दिलेली. म्हणजे भाचाही तोच, जावईही तोच. आते-मामे लग्नं पाहिलेल्या आपल्यासारख्यांना पुढचं भांडण ओळखीचं वाटावं.

1110 मध्ये विजयबाहू वारला तेव्हा त्याचा मुलगा विक्रमबाहू दक्षिणेत रोहणात होता. मित्ता, तिचे मुलगे, अमात्य आणि भिक्खूंनी मिळून राजाचा भाऊ जयबाहू याला गादीवर बसवलं. इथवर रिवाजाप्रमाणेच होतं. पण उपराज केलं मानाभरणाला, आणि तिथे विक्रमबाहूचा हक्क डावलला गेला. त्यानं चालून येऊन राजधानी घेतली. राज्य फुटलं: पोलोन्नरुवा त्याच्याकडे, दक्षिणदेश आणि रोहण हे प्रांत मित्ताच्या मुलांकडे. गंमत म्हणजे विक्रमबाहूचा अभिषेक कधी झालाच नाही, त्याच्या मुलाचा, गजबाहूचाही नाही. शिलालेखांवर वर्षं मोजली जात होती ती हाकललेल्या जयबाहूचीच.

मानाभरण आणि रत्नावलीचा मुलगा म्हणजे पराक्रमबाहू. मामेभाऊ गजबाहूशी आणि चुलतभाऊ धाकट्या मानाभरणाशी झुंजत तो 1153 मध्ये राजा झाला. अखेरीस गजबाहूनंच राज्य त्याच्या नावे केल्याचा करार दगडावर कोरलेला आहे. तरी रोहणात धाकट्या मानाभरणाची आई सुगला बुद्धाचा दंतधातू ताब्यात ठेवून लढतच राहिली. तो पवित्र दात ज्याच्याकडे, राज्य त्याचं, अशी लोकांची धारणा. म्हणून पराक्रमबाहूला तो मिळवणं भागच होतं.

एवढ्या मोठ्या राजाला मुलगा नव्हता. 1186 मध्ये भाचा दुसरा विजयबाहू आला. वर्षभरात त्याचा खून झाला. मारेकरी महिंद पाच दिवस टिकला. मग कलिंगाचा निःशंकमल्ल आला, आणि त्यानं आपला हक्क दगडावर कोरून सांगितला: या बेटावर कलिंग वंशाचाच अधिकार, चोळ, केरळ इथले राजपुत्र बौद्ध नाहीत म्हणून ते नकोत, आणि गोवी जातीच्यांनी, म्हणजे शेतकऱ्यांनी, राजा होऊ पाहणं म्हणजे कावळ्यानं हंसाची, काजव्यानं सूर्याची बरोबरी करणं. इतकं ओरडून सांगावं लागतं तेव्हा दावा कच्चा असतो, असं मला वाटतं.

1196 मध्ये तो गेला आणि त्याचा मुलगा वीरबाहू एक रात्र राजा राहिला. त्यानंतरचा तीन महिने, पुढचा चोडगंग नऊ महिने. चोडगंगाचे डोळे काढून सेनापती कित्तीनं पराक्रमबाहूच्या विधवेला, लीलावतीला, बसवलं. सत्ता सेनापतींची होती. त्यांना हवं होतं गादीवर शोभेल असं नाव. निःशंकमल्लाची राणी कल्याणवतीही अशीच आली. 1208 मध्ये तर तीन महिन्यांच्या तान्ह्या धर्माशोकाला राजा केलं.

लीलावतीची तिसरी खेप सात महिन्यांची. पांड्य देशातून आलेल्या पराक्रमानं तिला काढलं, आणि 1215 मध्ये कलिंगाच्या माघानं त्याला पकडून आंधळं केलं. भिक्खूंनी दंतधातू डोंगराळ कोत्मलेत पुरून ठेवला.