ओठावरचा जुना व्रण: उपचार इथवर कसे आले

ओठाचा लाल भाग त्वचेला जिथे मिळतो, ती कड टाके घालताना एक मिलिमीटर जरी वरखाली झाली तरी समोर बसून बोलणाऱ्याला ते दिसते. म्हणूनच ओठावरचा व्रण गालावरच्या व्रणापेक्षा अवघड.

सुश्रुतसंहितेत, सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात, कान आणि नाक जोडण्याची कृती सविस्तर आहे. ओठाचे मात्र एका ओळीत उरकले आहे: नाकपुड्यांत घालायच्या नळ्या वगळून बाकी सगळे नाकासारखेच. पाश्चात्य देशांत १८३८ मध्ये इटलीच्या साबातिनीने आणि १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉबर्ट ॲबीने खालच्या ओठाचा त्रिकोणी तुकडा, त्याची रक्तवाहिनी शाबूत ठेवून, वरच्या ओठात बसवला. दोन-तीन आठवडे दोन्ही ओठ जोडलेले राहतात, पातळ आहारावर दिवस काढावे लागतात आणि मग दुवा कापतात. ओठ खूपच अपुरा असेल तर आजही हीच शस्त्रक्रिया कामी येते.

सरळ व्रण लांबीच्या दिशेने आकसतो आणि ओठ वर खेचून खाच पाडतो. त्यावर तोडगा निघाला तो झेड आकाराच्या छेदाचा. साठ अंशांचे दोन त्रिकोण अदलाबदल केले की हिशेबाने लांबी सुमारे ७५ टक्के वाढते. प्रत्यक्षात थोडी कमीच. दुभंगलेल्या ओठासाठी राल्फ मिलार्डने १९५५ मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत मांडलेल्या पद्धतीत टाक्यांची रेघ नाकाखालच्या नैसर्गिक उंचवट्यावर येते. व्रण पुसता येत नसेल तर तो कुठे पडावा हे तरी ठरवता येते, ही त्या काळाची मोठी देणगी.

सुईचे उपचार त्यानंतरचे. १९६० च्या दशकात ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड थेट व्रणात टोचू लागले. ओठाजवळ सुरुवात बहुधा १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरने, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने. औषध व्रणाच्या खाली उतरले तर खळगा पडतो आणि सावळ्या त्वचेवर पांढरा डाग उमटतो, तोही महिनोन्‌महिने टिकतो. १९८० च्या दशकात सिलिकॉन (पट्टी किंवा जेल) आले. ते रोज बारा तास तरी, दोन-तीन महिने लावायचे, पण फक्त त्वचेच्या भागावर. ओलसर लाल भागावर ते टिकतच नाही. १९८३ मध्ये ॲंडरसन आणि पॅरिश यांनी निवडक लेसरचे तत्त्व मांडले, म्हणजे आजूबाजूची त्वचा वाचवून नेमक्या लक्ष्यावरच उष्णता पाडायची. त्यातून लालसर व्रणांसाठी, रक्तवाहिन्यांवर काम करणारा डाय लेसर आला. २००४ मध्ये फ्रॅक्शनल लेसर, जो मधली त्वचा शाबूत ठेवून बारीक ठिपक्यांनी काम करतो. ज्यांना ओठावर वारंवार ‘जर’ (विषाणूमुळे येणारे बारीक फोड) येतो, त्यांना लेसरने तो पुन्हा उठू शकतो. त्यामुळे विषाणूरोधक गोळ्या आधीच सुरू करतात.

व्रण दुरुस्तीची शस्त्रक्रिया साधारण वर्षभर थांबून, व्रण मऊ आणि फिका झाल्यावरच करावी. ओठाची कड शाईने आखायची ती भुलीचे इंजेक्शन देण्याआधी. नंतर ओठ सुजतो, पांढरा पडतो आणि कड सापडत नाही. त्वचेचा पहिला टाका याच कडेवर घालतात.

या सगळ्याआधी एक खात्री हवीच: तो खरोखर जुना व्रणच आहे ना. खालच्या ओठाच्या आत चावल्यावर आलेली मऊ, निळसर गाठ ही लाळग्रंथीची असू शकते. ती नुसती फोडली तर पुन्हा भरते, ग्रंथीसकट काढावी लागते. आणि तीन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा घासूनही न जाणारा पांढरा चट्टा, विशेषतः तंबाखू-चुन्याची चिमूट धरायच्या जागी असेल, तर आधी तुकडा तपासणीला पाठवायचा. अहवाल हातात येईपर्यंत त्यावर ना स्टेरॉइड टोचायचे, ना लेसर मारायचा.