अष्टावधानी की उतावळे?

इंदूरच्या भंवरकुआं परिसरात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या टेबलावर सरावप्रश्नांच्या शेजारी व्हॉट्सॲप उघडे असते, कानात गाणी चालू असतात आणि मधूनच क्रिकेटचा धावफलकही पाहिला जातो. कोणी हटकलेच, तर उत्तर ठरलेले असते: 'मला जमतं सगळं एकदम.' खरोखर जमते का, आणि ज्यांना जमते तेच असे वागतात का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

अमेरिकेतील युटा विद्यापीठात डेव्हिड सॅनबोनमात्सू, डेव्हिड स्ट्रेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३१० विद्यार्थ्यांना हे दोन्ही प्रश्न विचारले आणि २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. चाचणी दिसायला सोपी होती: एक छोटे गणित बरोबर आहे की चूक ते सांगायचे, लगेच एक अक्षर लक्षात ठेवायचे, पुन्हा गणित, पुन्हा अक्षर, आणि अखेरीस सगळी अक्षरे क्रमाने सांगायची. सुमारे ७० टक्के विद्यार्थ्यांनी या कौशल्यात आपण निम्म्या लोकांपेक्षा सरस असल्याचे सांगितले होते, जे अंकगणिताला मान्य होणारे नाही. त्याहून लक्षणीय बाब अशी की, एरवी एका वेळी अनेक माध्यमे हाताळणारे विद्यार्थी चाचणीत मागे पडले, तर चाचणीत सरस ठरलेल्यांचा कल एका वेळी एकच काम करण्याकडे होता. अनेक कामांची ओढ कौशल्याशी नव्हे, तर उतावळेपणा, नावीन्याची हौस आणि फाजील आत्मविश्वास यांच्याशी निगडित आढळली.

हा उतावळेपणा मोजण्यासाठी मानसशास्त्रज्ञ बॅरट यांची ३० विधानांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्यात लक्ष न टिकणे, विचाराआधी कृती करणे आणि पुढचे नियोजन न करणे, अशी तीन अंगे वेगळी धरलेली आहेत. यांपैकी पहिले अंग आपल्या विषयाच्या सर्वांत जवळचे वाटते, कारण फोन किणकिणताच हात तिकडे जाणे हा बहुतेक वेळा निर्णय नसतोच. ते हात आवरता न येणे असते. असा आवर घालण्यात मोठा वाटा असलेला मेंदूचा कपाळामागील भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो, म्हणजे नेमका याच वयात तो पुरता तयार झालेला नसतो.

लक्ष मागणारी दोन कामे मेंदू सहसा एकत्र करीत नाही. तो एकावरून दुसऱ्यावर जातो आणि प्रत्येक खेपेला थोडा वेळ गमावतो. रॉबर्ट रॉजर्स आणि स्टीफन मॉन्सेल यांनी १९९५ मध्ये दाखवले की, बदल केव्हा येणार हे आधी ठाऊक असले आणि तयारीला सेकंदभर मोकळीक मिळाली, तरी ही किंमत कमी होते, पण संपत नाही. इस्त्रीच्या कपड्यांच्या घड्या घालताना गाणी ऐकण्याला अर्थातच हे लागू नाही, कारण घड्या घालायला हात सरावलेले असतात.

मात्र कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे अशा पाहणीतून सिद्ध होत नाही. उतावळी मुले अनेक कामांकडे वळतात, की अनेक कामांमुळे लक्ष विस्कळीत होते? अनेक माध्यमे एकदम वापरणारे अधिक विचलित होतात, असे स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००९ मध्ये मांडले होते आणि त्याचा गाजावाजाही खूप झाला. परंतु २०१७ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा हा परिणाम फारच क्षीण निघाला. म्हणून मोबाइलने पिढीचा मेंदू बिघडवला, असे घाईने म्हणणे हाही एक उतावळेपणाच होय.

रस्त्यावर मात्र संदिग्धता कमी आहे. युटातील पाहणीत उतावळेपणा आणि गाडी चालवताना फोनवर बोलणे यांचाही संबंध आढळला होता. त्यापूर्वी, २००१ मध्ये, स्ट्रेअर आणि विल्यम जॉन्स्टन यांच्या प्रयोगशाळेतील चाचणीत फोनवर बोलणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेले सिग्नल दुपटीहून अधिक झाले, आणि फोन हातात धरलेला होता की हात मोकळे होते, याने फरक पडला नाही. इंदूरच्याच पलासिया चौकातून हेल्मेटमध्ये फोन खोचून, बोलत बोलत स्कूटर नेणाऱ्याचे दोन्ही हात हँडलवर असतात हे खरे. अडचण हातांची नसून लक्षाची असते. खरे अष्टावधानी नसतातच असे नाही. २०१० मध्ये स्ट्रेअर आणि जेसन वॉटसन यांनी २०० जणांना गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरवर बसवून सोबत स्मरणाची कामे दिली, तेव्हा २.५ टक्के, म्हणजे केवळ पाच जण, दोन्हींत तसूभरही घसरले नाहीत.