फाइल कुठे वाजणार, ते आधी सांगा
आवाजाचं रेकॉर्डिंग करून घेणाऱ्यांसाठी आणि आवाज देणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

दादर पश्चिमेला, गोखले रोडलगतच्या एका गल्लीत आमचा स्टुडिओ आहे. एक बूथ, एक कंट्रोल रूम आणि काम फक्त माणसाच्या बोलण्याचं: जाहिराती, डबिंग, ऑडिओबुक, माहितीपट, कंपन्यांच्या फोनवरचे संदेश. गाणी आम्ही करत नाही. येणाऱ्या ग्राहकाच्या मोबाइलवर बहुतेक वेळा एजन्सीने किंवा हेड ऑफिसने पाठवलेली एक ओळ असते:

‘वेव्ह, ४८/२४, मोनो, पीक उणे ३, नो प्रोसेसिंग.’

ती दाखवून ग्राहक म्हणतात, ‘हे काय ते तुम्हीच बघा.’ आम्ही बघतोच. पण त्या ओळीत तुमचे पैसे आणि तुमची मेहनत अडकलेली असते, म्हणून ती तुम्हालाही वाचता यावी असं आम्हाला मनापासून वाटतं.

एका पतसंस्थेचं काम

एका पतसंस्थेला खातेदारांच्या फोनसाठी मराठीत संदेश हवे होते. ‘शिल्लक जाणून घेण्यासाठी एक दाबा’ या धर्तीचे. आवाज देणाऱ्या ताई नाटकातल्या, उच्चार अगदी स्वच्छ. स्टुडिओच्या स्पीकरवर ऐकून सगळे खूश झाले. घाई होती म्हणून संस्थेच्या माणसाने एमपी थ्री मागून घेतली. ती पुढे तीन हातांतून गेली आणि प्रत्येकाने आपापल्या सॉफ्टवेअरमधून काढून ती पुढच्याला दिली. शेवटी फोन लावून ऐकलं, तर ताई पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारख्या वाटत होत्या. रकमा सांगणारे तुकडेही त्यात होते. ‘सात’ की ‘साठ’, हे दोनदा ऐकल्याशिवाय कळेना, आणि पैशाच्या बाबतीत हे चालत नाही. आम्ही मूळ फाइलवरून सगळं पुन्हा बनवून दिलं, पण चूक आमचीही होती. फाइल शेवटी कुठे वाजणार आहे, हे आम्ही पहिल्या दिवशी विचारलंच नव्हतं. आता बुकिंगच्या फॉर्मवर पहिला प्रश्न तोच असतो.

४८ चा अर्थ

आवाज म्हणजे हवेची थरथर. माइक तिला विजेत उतरवतो आणि संगणक त्या विजेचं माप ठरावीक अंतराने घेत राहतो. सेकंदाला किती मापं घेतली, तो सॅम्पल रेट. ४८ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४८,००० मापं. जितकी मापं असतील, त्याच्या निम्म्या कंपनांपर्यंतचाच आवाज फाइलमध्ये टिकतो. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांपर्यंत ऐकतो, म्हणून चाळीस हजारांच्या थोडं वर गेलं की कानापुरतं सगळं आलं. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली ती ४४.१ किलोहर्ट्झ घेऊन, आणि संगीत व ऑडिओबुक आजही बहुतकरून तिथेच आहेत. सिनेमा, टीव्ही, वेब सिरीज, जाहिरातीचा व्हिडिओ, थोडक्यात जिथे चित्र आहे तिथे ४८.

कुणी ९६ मागितलं तर आम्ही देतो, पण बोलण्याच्या कामात त्याचा कानाला काही फायदा होत नाही, फाइल मात्र दुप्पट होते. हे आधीच सांगितलेलं बरं.

खरी गंमत खालच्या टोकाला आहे. टेलिफोनच्या तारेवरून पिढ्यान्‌पिढ्या ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जात आला. त्याला साजेसं ८ किलोहर्ट्झचं मानक, जी.७११, १९७२ मध्ये ठरलं आणि ग्राहक सेवेच्या असंख्य फोन यंत्रणा अजून त्यावरच चालतात. म्हणजे ४,००० हर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं. आता आपली भाषा बघा. ‘स’ची शीळ बरीचशी ४,००० च्या वर असते. ती गेली की ‘स’ आणि ‘फ’ फोनवर सारखेच फुसफुसतात, आणि ‘सात’, ‘साठ’, ‘आठ’ यांतला फरक एका इवल्याशा व्यंजनावर येऊन ठेपतो. म्हणून फोनच्या कामात आम्ही आकडे वेगळे, थोडे सावकाश आणि शेवटचं अक्षर पूर्ण फोडून बोलायला लावतो. ‘साठ’मधला ‘ठ’ ओठांवर विरू देत नाही. स्टुडिओत ऐकताना ते जरा जास्तच ठासून बोलल्यासारखं वाटतं. फोनवर ते अगदी नैसर्गिक ऐकू येतं. एचडी कॉलमध्ये हा पट्टा जवळपास ७,००० हर्ट्झपर्यंत जातो, पण तुमचा खातेदार कोणत्या फोनवरून बोलतोय ते आपल्या हातात नसतं.

आणखी एक. या मानकात दोन पोटप्रकार आहेत. भारतात आणि युरोपात ए-लॉ, अमेरिकेत आणि जपानमध्ये म्यू-लॉ. एकाची फाइल दुसरी समजून वाजवली तर आवाज खरखरीत आणि विद्रूप येतो, आणि लोक माइकला दोष देतात. तुमची यंत्रणा परदेशी कंपनीची असेल तर त्यांच्या तंत्रज्ञाकडून हे लेखी मागवून घ्या.

संगणकाला बोललेलं ओळखायला शिकवण्यासाठी हल्ली मराठी वाक्यांची जी रेकॉर्डिंग्ज मागितली जातात, ती बहुधा १६ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो असतात.

२४ कशाला

प्रत्येक माप किती बारीक घ्यायचं, ते बिटवर ठरतं. १६ बिटच्या पट्टीवर ६५,५३६ खुणा असतात, २४ बिटच्या पट्टीवर १ कोटी ६७ लाखांहून जास्त. डेसिबल हे आवाजाच्या जोराचं माप. एका बिटमागे साधारण ६ डेसिबल मिळतात, म्हणजे सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात १६ बिटला ९६ आणि २४ बिटला १४४ डेसिबलचा वाव.

वाचकाच्या घरी पोचणाऱ्या ऑडिओबुकला १६ बिट पुरेसे आहेत. रेकॉर्ड करताना मात्र आम्ही २४ च वापरतो. कारण साधं आहे: कलाकार एका वाक्यात कुजबुजतो आणि पुढच्याच वाक्यात ओरडतो. डिजिटलमध्ये शून्य डेसिबल हे छत. आवाज त्याला टेकला की फाटतो, आणि फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही. २४ बिट असले की लेव्हल खाली, उणे १२ ते उणे ६ च्या दरम्यान ठेवता येते आणि नंतर निर्धास्तपणे वर आणता येते. तुम्ही घरी रेकॉर्ड करत असाल तर ही एक गोष्ट आमच्याकडून जरूर घ्या. हिरव्या पट्टीत आवाज ‘कमी’ दिसतो म्हणून नॉब वाढवू नका.

मोनो म्हणजे एकच वाहिनी. एक तोंड, एक माइक, मग दोन वाहिन्या कशाला? स्टिरिओ केल्याने आवाज भरदार होत नाही, फाइल तेवढी दुप्पट होते.

वेव्ह आणि एमपी थ्री

वेव्ह ही मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएमने १९९१ मध्ये आणलेली फाइल. तिच्यात मापं जशीच्या तशी असतात. हिशोब हातानेही करता येतो: ४८,००० मापं, प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे सेकंदाला १,४४,००० बाइट आणि मिनिटाला साधारण ८.६ एमबी. तासाभराचं पुस्तक ५१८ एमबी. तेच १९२ केबीपीएसच्या (सेकंदाला १९२ किलोबिट) एमपी थ्रीत ८६ एमबी. ही बचत कुठून येते? कानाला सहसा जाणवत नाहीत असे आवाज एमपी थ्री टाकून देते. अंदाज हुशारीचा असतो, पण टाकलेलं कायमचं जातं.

त्यामुळे एमपी थ्रीवरून वेव्ह बनवून पाठवणं ही फसवणूक आहे, स्वतःची आणि समोरच्याचीही. फाइलचं नाव बदलतं, आकार फुगतो, पण पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत. अनुभवी इंजिनिअरला स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे आवाजातल्या कंपनांच्या आलेखात, वरचा भाग कापलेला लगेच दिसतो आणि काम परत येतं.

फ्लॅक हा मधला मार्ग. त्यात आकार घटतो आणि एकही माप हरवत नाही. जुनी कामं जपून ठेवायला आम्ही तेच वापरतो. आयफोनच्या व्हॉइस मेमोची एम४ए फाइल नेहमीच्या सेटिंगवर दाबलेली असते, आणि व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट तर त्याहून जास्त. नमुना ऐकवायला ती ठीक, कामाला नको. व्हॉट्सॲपवरून फाइल पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून जोडा. तशी ती न बदलता पोचते.

ब्लूटूथच्या इअरबड्सवर रेकॉर्डिंग करू नका, कितीही महाग असले तरी. त्यांचा माइक सुरू झाला की जोडणी फोन कॉलच्या पद्धतीवर जाते आणि आवाज साधारणपणे ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर उतरतो. पुढे सॉफ्टवेअरमध्ये ४८ दिसत असलं तरी त्याला काही अर्थ राहत नाही.

पीक, लाउडनेस आणि शांतता

‘पीक उणे ३’ म्हणजे सगळ्यात उंच टोकही उणे ३ डेसिबलच्या वर जाता कामा नये. पण टोक सारखं असूनही दोन फाइली कमी-जास्त मोठ्या ऐकू येतात, म्हणून सरासरी जोर वेगळा मोजतात. त्याचं एकक एलयूएफएस, बोलताना सगळे ‘लफ्स’ म्हणतात. युरोपातल्या टीव्हीला उणे २३, नेटफ्लिक्सला संवादावर मोजून उणे २७, ॲपलने पॉडकास्टसाठी सुचवलेला आकडा उणे १६. ॲमेझॉनच्या एसीएक्स या ऑडिओबुकच्या सेवेची अट सरासरी मोजण्याच्या जुन्या पद्धतीने, आरएमएसमध्ये आहे: उणे २३ ते उणे १८, पीक उणे ३, फाइल किमान १९२ केबीपीएसची एमपी थ्री, आणि खोलीची शांतता उणे ६० डेसिबलच्या खाली.

ही शेवटची अट मुंबईत सगळ्यात महाग पडते. फ्रिजची, ट्यूबलाइटची घुमघुम ५० आणि १०० हर्ट्झला बसते, कारण आपली वीजच ५० हर्ट्झची आहे. खिडकीतली कबुतरं, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, पावसाळ्यात पत्र्यावरचा मारा, भाद्रपदात ढोल-ताशे. घरून काम करणाऱ्या एका काकांनी कपड्यांचं कपाट उघडं ठेवून दोन्ही दारांवर गोधड्या टाकल्या आणि त्या कोनाड्यात बसून पहाटे पाच ते सात पुस्तक वाचलं. पंखा बंद, फ्रिजचा प्लग काढलेला. त्यांच्या फाइली पहिल्या खेपेला पास झाल्या. महागडा माइक घेण्याआधी गोधडी टाकून बघा, असं आम्ही आता सगळ्यांना सांगतो.

रेकॉर्डिंग संपल्यावर काही न बोलता, न हलता दहा सेकंद बसून राहा. या रिकाम्या खोलीच्या आवाजाला रूम टोन म्हणतात. वाक्यांमधल्या फटी त्यानेच भरतात. तिथे संपूर्ण शून्य टाकलं तर ऐकणाऱ्याला आवाज मध्येच बंद पडल्यासारखा वाटतो.

‘नो प्रोसेसिंग’ लिहिलेलं असेल तर नॉइज रिडक्शन (खरखर काढणं), कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज सारखा करणं), इक्यू (जाड-बारीक सूर कमी-जास्त करणं) काहीही लावू नका. थोडी सफाई केली तर बरं, असं वाटतं खरं. पण पलीकडच्या इंजिनिअरला तुमचा आवाज इतर चार कलाकारांच्या आवाजाशी जुळवायचा असतो, आणि खरखर काढताना ‘स’, ‘श’ आणि वाक्याच्या शेवटचा श्वासही घासून जातो. कच्चं मागितलं आहे तर कच्चंच द्या.

आमच्याकडे येताना

फाइल कुठे वाजणार आहे आणि ती कोण बसवणार आहे, एवढं फोनवरच सांगा. एजन्सीची ती ओळ टाइप करून पाठवू नका, स्क्रीनशॉट पाठवा. ४४.१ चं ४८ टाइप करतानाच होतं. फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता आणि ०१, ०२ अशा क्रमाने ठेवतो, म्हणजे कुठल्याही यंत्रणेत अडत नाहीत.

काम संपल्यावर तुम्हाला दोन फोल्डर मिळतील. एकात ४८/२४ ची मूळ वेव्ह, दुसऱ्यात मागितलेली फाइल. मूळ फोल्डर कुणालाही देताना त्याची प्रत द्या, तो स्वतःकडून हलवू नका. आमच्याकडेही तो वर्षभर असतो, त्यामुळे एखादं वाक्य बदललं तर तेवढंच पुन्हा बोलून जोडता येतं.

फोनच्या कामाचं बिल करण्याआधी आम्ही फाइल तुमच्याच मोबाइलवर कॉल करून ऐकवतो. तेव्हा स्पीकर लावू नका. कानाला लावून ऐका, आणि जमलं तर दादर स्टेशनच्या पुलावर उभे राहून. तुमचे ग्राहक तिथूनच फोन करणार आहेत.