ब्रूस लीची गोळी आणि ब्रँडन लीची गोळी

कराटे क्लासच्या भिंतीवर ब्रूस लीचं पोस्टर असायचंच, आणि त्याच्याखाली बसून ऐकायची गोष्टही ठरलेली. शूटिंग चालू होतं, कुणीतरी नकली बंदुकीत खरी गोळी भरली आणि ब्रूस लीने कॅमेऱ्यासमोरच जीव सोडला. गोळी कुणी भरली, हे सांगणाऱ्याच्या लहरीवर. कधी चिनी माफिया, कधी हॉलिवूडवाले. आजही ही गोष्ट कुणी ना कुणी सांगतं, आणि सांगणारा मुद्दाम थापा मारत नसतो. बापाचा मृत्यू, मुलाचा मृत्यू आणि एका सिनेमातला प्रसंग, एवढ्या तिन्हींची त्याच्या डोक्यात खिचडी झालेली असते.

ब्रूस ली गेला २० जुलै १९७३ रोजी, हाँगकाँगमध्ये. वय ३२. त्या संध्याकाळी तो काउलूनमध्ये बेट्टी टिंग पे या अभिनेत्रीच्या फ्लॅटवर होता. डोकं दुखतंय म्हणाला, तिने आपल्याजवळची इक्वाजेसिक नावाची गोळी दिली, तो आडवा झाला आणि पुन्हा उठलाच नाही. म्हणजे गोळी होती, पण औषधाची! अंगावर कुठे जखम नव्हती. मेंदू मात्र सुजला होता. एरवी साधारण १४०० ग्रॅम भरतो, त्याचा १५७५ भरला. सरकारी चौकशीत अपघाती मृत्यू ठरला, आणि ती गोळी त्याच्या शरीराला सोसली नाही, असं लंडनहून आलेल्या पॅथॉलॉजिस्टने सांगितलं.

हे उत्तर पुरेसं वाटत नाही, कारण १० मे रोजी, म्हणजे दोनच महिने आधी, डबिंग करताना तो असाच कोसळला होता. झटके आले होते आणि तेव्हाही मेंदूला सूजच होती. नंतर कुणी उष्माघाताचं कारण पुढे केलं. २०२२मध्ये मूत्रपिंडाच्या काही तज्ज्ञांनी शरीरात पाणी जास्त झाल्याची शक्यता मांडली. हे सगळे जुन्या नोंदींवरून बांधलेले अंदाज आहेत. त्याचा मेंदू का सुजला, याचं पक्कं उत्तर आजही नाही.

अफवांना खतपाणी मात्र त्याच्याच माणसांनी घातलं. निर्माता रेमंड चाऊ यांच्याकडून पहिली बातमी गेली ती अशी, की ब्रूस घरच्या बागेत बायकोबरोबर फिरताना कोसळला. पत्रकारांनी ॲम्ब्युलन्सचा पत्ता शोधला आणि ती भलत्याच फ्लॅटवर गेल्याचं निघालं. एकदा थाप उघडी पडल्यावर पुढच्या खऱ्या गोष्टीवर तरी कोण विश्वास ठेवणार? मग मर्मावर हात लावून महिन्यांनी जीव घेणारा गुप्त गुरू आला, माफिया आला, घराची वाईट दिशा आली. काउलून म्हणजे नऊ ड्रॅगन आणि ब्रूसचं पडद्यावरचं चिनी नाव म्हणजे छोटा ड्रॅगन. एवढं मिळाल्यावर गावगप्पांना आणखी काय हवं?

मग बंदूक कुठून आली? त्याचा 'गेम ऑफ डेथ' अर्धवट राहिला होता. तो डुप्लिकेट वापरून पूर्ण केला आणि १९७८मध्ये लावला. त्याच्या कथेत नायक सिनेनट असतो, सेटवर त्याच्यावर खरी गोळी झाडली जाते, आणि तो मेल्याचं सोंग घेतो. खोट्या अंत्ययात्रेसाठी त्यात ब्रूस लीच्या खऱ्या अंत्ययात्रेची दृश्यं घातली आहेत. (मला हा प्रकार आजही किळसवाणा वाटतो.) ते पाहून थिएटरबाहेर आलेल्या पोराने काय समजायचं?

आणि १५ वर्षांनी तसंच घडलं, पण मुलाच्या बाबतीत. ३१ मार्च १९९३ रोजी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनमध्ये, 'द क्रो'च्या सेटवर ब्रँडन लीच्या पोटात गोळी घुसली. तो २८ वर्षांचा होता. इथे मात्र गूढ काहीच नाही.

शूटिंगमध्ये दोन प्रकारची काडतुसं लागतात. डमीमध्ये पुढे शिसं असतं पण दारू नसते. ती जवळून दाखवायला. ब्लँकमध्ये दारू असते पण शिसं नसतं. ते आवाजाला आणि जाळाला. या सेटवरच्या डमी खऱ्या काडतुसांतली दारू काढून बनवल्या होत्या, पण एकीच्या बुडातला प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारा भाग, तसाच राहिला. चाप ओढल्यावर तेवढ्या ठिणगीने शिसं सुटलं आणि नळीत अडकलं. नळी कुणी तपासली नाही. पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ब्लँक भरलं, आणि त्याच्या दारूने अडकलेलं शिसं खऱ्या गोळीसारखं बाहेर फेकलं. सरकारी वकिलांनी हलगर्जीपणा नोंदवला, फौजदारी खटला मात्र भरला नाही.

घराण्याला शाप आहे म्हणणाऱ्यांना त्याच वर्षी मे महिन्यात आयता पुरावा मिळाला. ब्रूस लीच्या आयुष्यावरचा सिनेमा लागला, आणि त्यात एक राक्षस बापाला सोडून छोट्या ब्रँडनकडे वळतो. ते दृश्य ब्रँडन जिवंत असतानाच चित्रित झालं होतं. पण बापाच्या मेंदूची सूज आणि मुलाच्या वेळची न तपासलेली नळी यांचा एकमेकांशी संबंध आडनावापुरताच.

'द क्रो'मध्ये तो जीवघेणा शॉट दिसतो, असंही छातीठोकपणे सांगतात. दिसत नाही. तो प्रसंग बदलून, डुप्लिकेट घेऊन पुन्हा चित्रित केला आहे.